वाण एचएमटी, गाव नांदेड

नागपूर-चंद्रपूरकडच्या किराणा दुकानात तांदळाची पोती तोंड उघडून ओळीनं मांडलेली असतात. प्रत्येकात पुठ्ठ्याची पाटी खोवलेली: श्रीराम, चिन्नोर, कोलम, एचएमटी. आता तर मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही ‘एचएमटी कोलम’ असं छापलेल्या पाच-पाच किलोच्या पिशव्या दिसतात. हे नाव आलं कुठून, असं विचारून बघा. तरुण दुकानदार ‘कंपनीचं असेल’ म्हणून मोकळा होतो. साठीच्या पुढचा असेल तर हसतो आणि म्हणतो, घड्याळाचं नाव आहे ते.

साठीच्या पुढच्याचं उत्तर बरोबर आहे, पण घड्याळवाल्यांचा या तांदळाशी काडीचाही संबंध नव्हता. तांदूळ शोधला दादाजी रामाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं. स्थानिक पातळीवर संशोधन करणाऱ्या माणसांचा सन्मान कसा करावा, याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा पुरस्कार किती, रक्कम किती आणि कोणाच्या हस्ते एवढ्यावरच फिरते. दादाजींना पुरस्कार भरपूर मिळाले, त्यातला एक तर राष्ट्रपतींच्या हातून. तरीही त्यांच्या बाबतीत काहीतरी चुकलंच. नेमकं कुठे चुकलं, हे पाहण्यासाठी हे प्रकरण सुरुवातीपासून मांडतो.

बांधीतल्या तीन लोंब्या

नांदेड म्हटलं की मराठवाड्यातलं शहर डोळ्यांपुढे येतं. हे नांदेड ते नव्हे. हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं छोटं गाव, झाडीपट्टीतलं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून होणारा हा पट्टा धानाचा. इथे शेतातल्या पिकाला कुणी भात म्हणत नाही; भात ताटात असतो, शेतात असतो तो धान. मालगुजारांच्या काळात खोदलेल्या मामा तलावांच्या पाण्यावर आणि पावसावर पीक येतं. चहूबाजूंनी बांध घातलेल्या छोट्या-छोट्या बांध्या, त्यात पऱ्हे (म्हणजे रोपं), मग रोवणी, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी.

दादाजींचा जन्म १९३९ च्या सुमाराचा. दलित कुटुंब, शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. घरातल्या आजारपणापायी असलेली जमीन विकण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. नंतर ते ज्यावर कसत होते ते हे दीड एकर. 

१९८३ साली त्यांनी पटेल-३ हा वाण लावला होता. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ डॉ. जे. पी. पटेल यांनी तयार केलेला हा वाण त्या भागात चांगलाच रुळलेला होता. नाव लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे: वाण शास्त्रज्ञाच्या आडनावानं ओळखला जात होता.

धान निसवल्यावर बांधीत फिरणारा शेतकरी काय बघतो? खोडकिडीनं पांढऱ्या पडलेल्या लोंब्या, लोळलेला भाग, पाणी कुठे तुटलं ते. दादाजींना त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक, बाकीच्या पिकाशी न जुळणारा. बियाणं राखणारा शेतकरी अशी झाडं दिसली की उपटून बांधावर फेकतो. त्याला ‘भेसळ काढणं’ म्हणतात, आणि चांगल्या शेतकऱ्याची ती खूणच मानली जाते. दादाजींनी ती भेसळ काढली खरी, पण फेकली नाही. लोंब्या वेगळ्या खुडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या.

एका लोंबीत शे-दीडशे, फार तर दोनशे दाणे. बारीक धानाचे हजार दाणे पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे तीन लोंब्यांचं सगळं बी मिळून पाच ते नऊ ग्रॅम, जेवणाच्या मोठ्या चमच्यात मावेल इतकं. पुढचं सगळं या चमचाभर बियावर उभं आहे.

१९८४ ला त्यांनी ते बी आपल्या शेतात मधोमध, वेगळं लावलं. आलेलं पुन्हा राखलं, पुन्हा लावलं. दरवर्षी वेगळं उगवणारं झाड बाजूला, सारखं उगवणारं पुढच्या वर्षासाठी. असं पाच हंगाम. १९८८ पर्यंत शिजवून खाऊन बघण्याइतका तांदूळ हातात आला होता. दाणा बारीक, भात मोकळा, चवीला पटेल-३ पेक्षा सरस. उताराही कमी नव्हता.

यात विज्ञान कुठे, असं विचारणारे भेटतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. धानाचं फूल बहुतेक करून स्वतःच्याच परागानं फळतं. शेजारच्या झाडाचा पराग येऊन संकर होण्याचं प्रमाण टक्क्याच्या आसपास, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. त्यामुळे शेतात अचानक वेगळं झाड दिसलं तर शक्यता तीनच: बियाण्यात दुसऱ्याचं बी मिसळलेलं असेल, कधीतरी चुकून संकर झाला असेल, किंवा त्या झाडात उत्परिवर्तन झालं असेल. तिन्ही बाबतींत, एकाच झाडाची संतती पिढ्यान् पिढ्या वेगळी वाढवत, न जुळणारी झाडं काढत गेलं की शेवटी एकसारखा वंश मिळतो. डेन्मार्कचे विल्हेल्म योहानसेन यांनी घेवड्यावर प्रयोग करून १९०३ मध्ये याची उपपत्ती मांडली आणि पीक-पैदाशीच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही पहिल्या काही प्रकरणांत येते. शेताच्या मध्ये वेगळं लावणं हेही त्याच शास्त्राचा भाग आहे. प्रमाणित धान बियाण्याच्या प्लॉटमध्ये इतर वाणापासून तीन मीटर अंतर सोडायचा नियम आहे. दादाजींना योहानसेन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पद्धत मात्र तीच होती, आणि पाच वर्षांचा धीर त्यांचा स्वतःचा. दीड एकरात घरचं खाणं पिकवायचं, त्यातलाच तुकडा दरसाल प्रयोगाला द्यायचा. हंगाम फसला तर भरपाई द्यायला कुणी नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला हा खर्च कधी मोजावा लागत नाही, म्हणून तो प्रकल्प अहवालातही दिसत नाही.

नाव कसं पडलं

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं दादाजींकडून बियाणं नेलं, काही एकरांवर लावलं आणि चांगलं पोतं-पोतं पीक घेतलं. ते धान १९९० च्या सुमारास जवळच्या तळोधीच्या बाजारात गेलं. व्यापाऱ्यानं मुठीत घेऊन पाहिलं असेल, दोन दाणे दाताखाली फोडले असतील. माल पसंत पडला, पण नाव काय लिहायचं? त्या वेळी हातातल्या घड्याळाची शान म्हणजे एचएमटी. लग्नात जावयाला तेच, निवृत्तीला तेच. व्यापाऱ्यानं मालाला तेच नाव ठोकून दिलं. बाजारात नाव असंच पडतं, त्यात कपट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून वाणावरून माणूस गायब झाला, हे मात्र खरं. शास्त्रज्ञ पटेलांच्या वाणाला पटेलांचं नाव, आणि त्याच वाणाच्या बांधीतून खोब्रागड्यांनी शोधलेल्या वाणाला बंगळुरूच्या सरकारी घड्याळ कारखान्याचं.

घड्याळाचा तो कारखाना आता नाही. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१६ मध्ये मंजुरी दिली. तांदूळ मात्र पोत्यावर पाटी लावून उभा आहे.

पसरला तो वाऱ्यासारखा, आणि फुकट. धानाचं बियाणं पसरायला जाहिरात लागत नाही. एका शेतात पीक उभं दिसलं की शेजारी येतो, पायलीभर बी मागतो, पुढच्या साली त्याचा शेजारी येतो. पोरीच्या सासरी एक थैली जाते, तिथून तिसऱ्या जिल्ह्यात. काही वर्षांत हा वाण विदर्भाबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेव्हाचा आंध्र प्रदेश आणि कर्नाटकापर्यंत गेला. बारीक धान म्हणून त्याला दर मिळे. दर मिळे तो शेतकऱ्याला, गिरणीला, व्यापाऱ्याला. मूळ माणसाला त्यातलं काही पोचायची वाटच नव्हती.

पाच किलो

प्रकरणाचा गाठीचा भाग हा. १९९४ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या संशोधन केंद्राकडून दादाजींकडे विचारणा झाली आणि प्रयोगासाठी पाच किलो बियाणं नेलं गेलं. सिंदेवाही नागभीडच्या शेजारचाच तालुका. साहेब लोक पाहुणे म्हणून आले तर कोण नाही म्हणेल? गावाकडे बियाणं मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, ते अशुभ समजतात.

१९९८ मध्ये विद्यापीठानं ‘पीकेव्ही-एचएमटी’ (पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ) हा वाण प्रसारित केला. दादाजींच्या बाजूनं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान या तळागाळातल्या संशोधकांना साथ देणाऱ्या संस्थेनं पुढे जे मांडलं त्याचा गाभा असा की मूळ शोधकाला श्रेय दिलं गेलं नाही. विद्यापीठाची भूमिका अशी की शेतकऱ्याकडचं बी भेसळयुक्त होतं, ते आपण शुद्ध केलं, आणि शुद्ध केलेला वाण हा वेगळा वाण.

विद्यापीठाची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एखादा वाण अधिकृतपणे प्रसारित करायचा म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत चाचण्या घ्याव्या लागतात. उंची, फुलण्याचे दिवस, दाण्याचा आकार, कीड-रोग यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पैदासकार बियाणं, पायाभूत बियाणं, प्रमाणित बियाणं अशी साखळी उभी करावी लागते. शुद्धीकरण हे खरं काम आहे आणि दीड एकरवाल्या माणसाला ते त्या प्रमाणावर जमणारं नाही. काही वर्षं हातोहात फिरलेल्या बियाण्यात मिसळ झालीही असेल. खळ्यावर, पोत्यात, गाडीत ती होतेच.

पण या युक्तिवादात एक छिद्र आहे. भेसळ काढण्यासाठी आधी काय ठेवायचं आणि काय काढायचं ते माहीत असावं लागतं. ‘एचएमटी कसा दिसतो’ हे विद्यापीठाच्या चाचणीत ठरलं नव्हतं. ते नांदेडच्या एका शेतात १९८३ ते १९८८ मध्ये ठरलं होतं. शुद्ध करणाऱ्यानं आरसा पुसला. आरसा दुसऱ्याचा होता, एवढं लिहायला एक ओळ लागली असती. शिवाय विद्यापीठानं स्वतःच वाणाच्या नावात ‘एचएमटी’ ठेवलं. वाण वेगळा असेल तर नाव तेच का, याचं उत्तर मला कधी पटण्यासारखं मिळालं नाही. अर्थात उत्तर उघड आहे: त्या नावाला बाजार होता, आणि बाजार शेतकऱ्यांनी उभा केला होता.

इथे दोष एकट्या विद्यापीठावर टाकून मोकळं होणं सोपं पडेल. सवयच तशी होती, आणि देशभर होती. नव्या वाणाच्या कागदपत्रांत वंशावळीचा रकाना असतो. त्यात संशोधन केंद्रावरच्या आई-बापांची नावं क्रमांकासकट लिहितात, आणि बी शेतकऱ्याकडून आलेलं असेल तर ‘स्थानिक वाणातून निवड’. ‘स्थानिक’ या एका शब्दात गाव, बाई, बुवा, पिढ्या, सगळं विरघळतं. ज्याला नाव नाही त्याचं श्रेय बुडालं असं कुणालाच वाटत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

कायदा आला तेव्हा

१९९४ ला बियाणं दिलं, १९९८ ला वाण प्रसारित झाला. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा संसदेनं केला तो २००१ मध्ये, त्याखालचं प्राधिकरण दिल्लीत उभं राहिलं २००५ मध्ये, आणि वाणांची नोंदणी प्रत्यक्षात सुरू व्हायला त्यानंतरही दोन वर्षं गेली. म्हणजे ज्या काळात दादाजींना कायद्याची गरज होती, त्या काळात शेतकऱ्याला पैदासकार, म्हणजे नवा वाण घडवणारा, म्हणून ओळखणारा कायदाच देशात नव्हता. १९६६ चा बियाणे कायदा होता, पण त्याला बियाण्याच्या दर्जाशी देणंघेणं. ते कोणाचं, हा प्रश्न तो विचारतच नाही.

नवा कायदा कागदावर चांगला आहे. कलम ३९ म्हणतं की नवा वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकारासारखाच नोंदणीचा हक्क आहे. शेतकऱ्याला फी माफ. नोंदणी मागणाऱ्यानं आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जतन केलेलं बी वापरलं असेल तर ते अर्जात सांगावं लागतं. आणि वाण घडवण्यात गावाचा वाटा असेल तर कलम ४१ खाली गावाच्या वतीनं दावा करता येतो, मोबदला राष्ट्रीय जनुक निधीमार्फत मिळू शकतो.

आता एक प्रामाणिक हिशोब. हा कायदा १९९० मध्ये असता आणि दादाजींनी नोंदणी केली असती, तर ते लक्षाधीश झाले असते का? नसते. कारण हाच कायदा इतर शेतकऱ्यांना घरचं बी राखायला, पेरायला, एकमेकांना द्यायला-विकायला मोकळीक देतो. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. आणि ती मोकळीक असलीच पाहिजे, नाहीतर झाडीपट्टीतल्या अर्ध्या शेतकऱ्यांना दादाजींकडे पैसे भरावे लागले असते, जे त्यांनी स्वतःच मागितले नसते. हक्क चालला असता तो बियाणं विकणाऱ्या संस्था आणि कंपन्यांपुरता. उत्पन्न थोडं, पण कागदावर नाव, आणि पाच किलो मागायला येणाऱ्याच्या हातात सही करायचा एक नमुना. फरक एवढाच पडला असता. माझ्या मते तेवढाही खूप होता.

द्राक्षाकडे पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेलं ‘तास-ए-गणेश’, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची ‘सोनाका’. ही निवडही शेतकऱ्यांचीच, शेतात दिसलेल्या वेगळ्या फांदीवरून केलेली. त्यांची नावं बागायतदारांच्या तोंडी आजही आहेत. एक कारण पिकाचं आहे: द्राक्ष काडीनं वाढतं, काडी कुणाच्या बागेतून आणली ते बागायतदार विसरत नाही, आणि त्या बागायतदारांचा संघ आहे, चर्चासत्रं आहेत, मासिकं आहेत. धान बियानं वाढतं आणि एका हंगामात शंभरपट होतं. तिसऱ्या हातात पोचेपर्यंत पहिला हात पुसला जातो. दुसरं कारण सांगायला जरा जड जातं. बागायतदाराचा संघ असतो. दीड एकर कोरडवाहू-धानवाल्या दलित शेतकऱ्याचा संघ कुठला?

सन्मान, एकामागून एक

दादाजींचं काम बाहेर आणलं ते प्रामुख्यानं प्रा. अनिल गुप्ता यांनी सुरू केलेल्या हनी बी नेटवर्कनं आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानं. हनी बीचा एक साधा नियम आहे: कुणाकडून कल्पना घेतली तर छापताना त्याचं नाव-गाव छापायचं, आणि छापलेलं त्याच्या भाषेत त्याच्याकडे परत न्यायचं. विद्यापीठाच्या वंशावळीच्या रकान्यात जे नव्हतं ते या नियमात होतं.

२००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना प्रतिष्ठानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बावीस वर्षांपूर्वीच्या तीन लोंब्यांची देशानं घेतलेली ही पहिली मोठी दखल.

पुढच्या वर्षी राज्य शासनाचा कृषिभूषण. याची गोष्ट लोकांना जास्त माहीत आहे, आणि ती तशी आहेच. पुरस्कारासोबत सुवर्णपदक होतं. पुढे पैशांची नड आली तेव्हा पदक मोडायला काढलं, आणि ते अस्सल सोन्याचं नसल्याचं निघालं. वर्तमानपत्रांत बराच गाजावाजा झाला. मला या बातमीत खोट्या सोन्यापेक्षा दुसरीच गोष्ट टोचते: राष्ट्रपतींनी गौरवलेल्या, लाखो एकरांवर ज्याचं बी उभं आहे अशा माणसाला पदक मोडायला काढावं लागलं. सोनं खरं निघालं असतं तर बातमी झाली नसती, आणि आपल्याला ही गोष्ट कळलीही नसती.

मग २०१० मध्ये फोर्ब्सनं भारतातल्या ग्रामीण उद्योजकांची सात जणांची यादी केली. मातीचा फ्रिज करणारे मनसुखभाई प्रजापती, विणकरांसाठी सूत गुंडाळणारं आसू यंत्र करणारे चिंताकिंदी मल्लेशम यांच्या पंक्तीत दादाजी. यादीत ‘सर्वांत सामर्थ्यवान’ असं विशेषण होतं. उद्योजक म्हणजे जो विकतो तो. दादाजींनी बी वाटलं. विकलं ते बहुतेक दुसऱ्यांनीच. तरीही अमेरिकी मासिकात नाव आलं म्हटल्यावर जिल्ह्यात हार-तुरे झाले, भाषणं झाली, आणि नांदेडचा रस्ता काही अधिकाऱ्यांना पहिल्यांदा माहीत झाला.

नीट पाहिलं तर हे सगळे सन्मान एकाच जातीचे आहेत. बोलावणं, व्यासपीठ, शाल, फोटो, परतीचा प्रवास. मिळतात त्या माणसाला, त्या दिवशी. वाणाच्या कागदपत्रांत, बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलात, गिरणीच्या पावतीवर त्यामुळे एक अक्षरही बदलत नाही. आणि पुरस्कार देणारी यंत्रणा आणि वाण प्रसारित करणारी यंत्रणा या दोन्ही शेवटी सरकारी पैशावरच चालतात. एका हातानं नाव पुसलं, दुसऱ्या हातानं नावाचं प्रमाणपत्र दिलं, आणि या दोन हातांनी कधी एकमेकांना फोन केला असं दिसत नाही.

राहीबाई पोपेरे यांच्याशी तुलना अपरिहार्य आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, त्याआधी नारीशक्ती पुरस्कार. त्यांचं काम जतनाचं, देशी बियाण्यांची बँक उभारण्याचं, दादाजींचं निवडीचं. पण खरा फरक असा की राहीबाईंच्या पाठीशी बायफसारखी संस्था गावात होती. बँकेतल्या प्रत्येक वाणाची नोंद होत होती, बी कोणाला दिलं ते वहीत उतरत होतं. म्हणून त्यांचं बी पुढे गेलं तरी ‘बीजमाता’ हे नाव त्याच्यासोबत गेलं. दादाजींच्या मागे संस्था आली ती एचएमटी पाच राज्यांत पोचल्यावर. हयातीत त्यांच्या नावाआधी पद्म लागलं नाही. लागलं असतं तर आनंदच होता, पण वहीची कसर त्यानं भरली नसती.

उतारवयात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शेवटी उपचार चालले ते गडचिरोलीजवळच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामच्या रुग्णालयात. तिथेच ३ जून २०१८ रोजी ते गेले. वय ७९. नेते भेटायला आले, मदतीच्या घोषणा झाल्या, वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले, आणि शहरातल्या बऱ्याच वाचकांना आपण रोज खातो तो तांदूळ कोणाचा हे त्या मृत्युलेखांतून कळलं.

कुठे काय करता आलं असतं

माझ्यापुरतं या प्रकरणाचं निदान असं: जखम १९९४ ला झाली, औषधं २००५ पासून लावली. त्यामुळे कितीही मोठं औषध उपयोगी पडलं नाही. संशोधन केंद्राच्या माणसानं पाच किलो बियाणं उचलताना साध्या वहीत चार ओळी लिहिल्या असत्या, वाण कोणी निवडला, कशातून, कुठल्या साली, आज किती दिलं, आणि खाली दोघांच्या सह्या, तर पुढच्या वादाला जागाच उरली नसती. १९९८ च्या वाणावर ‘मूळ निवड: दा. रा. खोब्रागडे, नांदेड, शुद्धीकरण: कृषी विद्यापीठ’ असं लिहून दोघांचंही श्रेय शाबूत राहिलं असतं. विद्यापीठाचं तर काडीचंही कमी झालं नसतं. उलट शेतकऱ्याला सोबत घेणारं विद्यापीठ म्हणून त्याचं नाव झालं असतं.

आज कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्या-जिल्ह्यात आहेत, प्राधिकरणाकडे शेतकऱ्यांच्या वाणांचे अर्ज जातात, प्राधिकरणाकडून वाण जतन करणाऱ्या समुदायांना दहा लाखांपर्यंतचे पुरस्कारही मिळतात. परिस्थिती १९९४ ची नाही. पण तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात ‘नावीन्यपूर्ण शेतकरी’ म्हणून सत्कार होतो त्या माणसाला स्टेजवरून उतरल्यावर विचारा: तुमच्या वाणाची, अवजाराची नोंद कोणी घेतली का? बहुतेक जण खिशातून सन्मानपत्राची घडी काढून दाखवतात.

दादाजींनी स्वतः या सगळ्यातून काय शिकायचं ते केव्हाच शिकून घेतलं होतं, असं त्यांच्या पुढच्या वाणांची नावं वाचताना वाटतं. एचएमटीनंतर ते थांबले नाहीत. त्याच दीड एकरावर आणखी वाण निवडत राहिले, आणि यापुढे नाव ठेवायचं काम तळोधीच्या व्यापाऱ्यावर सोडलं नाही. नांदेड-९२. नांदेड चिन्नोर. नांदेड हिरा. विजय नांदेड. आणि एक डीआरके: दादाजी रामाजी खोब्रागडे.